खरी ‘रोझी द रिव्हेटर’ कोणती?

डोक्याला लाल रुमाल, निळा शर्ट, बाही वर करून दंड दाखवणारी बाई. महिला दिनाला हे पोस्टर ‘रोझी द रिव्हेटर’ म्हणून हमखास फिरतं. पण ते रोझीचं चित्र नव्हतंच. जे. हॉवर्ड मिलर यांनी ते वेस्टिंगहाऊसच्या कामगारांसाठी केलं होतं. फेब्रुवारी १९४३ मध्ये ते जेमतेम दोन आठवडे कारखान्यात लागलं, आणि त्यावर रोझीचं नावही नव्हतं.

त्या काळी अमेरिकेत गाजली ती नॉर्मन रॉकवेल यांच्या तैलचित्रातली रोझी. २९ मे १९४३ च्या ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’च्या मुखपृष्ठावर ती आली. पुरुष युद्धावर गेले होते आणि कारखान्यांत बायका राबत होत्या. रॉकवेलची रोझी जेवणाच्या सुट्टीत बसली आहे. मांडीवर रिव्हेट ठोकायचं यंत्र, हातात सँडविच, डब्यावर नाव, मागे अमेरिकेचा झेंडा आणि पायाखाली हिटलरचं ‘माइन काम्फ’! बसण्याची ढब थेट मायकेलअँजेलोच्या सिस्टीन चॅपेलमधल्या यशया प्रेषिताची. मॉडेल मात्र व्हरमाँटमधल्या गावातली १९ वर्षांची, चणीने लहानखुरी टेलिफोन ऑपरेटर. ते दणकट दंड रॉकवेल यांनी पदरचे जोडले. त्याबद्दल १९६७ मध्ये त्यांनी पत्र लिहून तिची माफीही मागितली.

मग ही रोझी मागे का पडली? मुख्य अडचण कॉपीराइटची. मिलरचं पोस्टर वापरायला कुणाची परवानगी लागत नव्हती, त्यामुळे १९८० च्या दशकात ते कप-टीशर्टवर पोहोचलं. रॉकवेलचं मूळ चित्र २००२ मध्ये लिलावात सुमारे ५० लाख डॉलरला विकलं गेलं. सध्या ते आर्कान्सामधल्या क्रिस्टल ब्रिजेस संग्रहालयात आहे.