रोहूच्या परातून निघालेला वंश

यवतमाळच्या कपाशीवरची फवारणी पहिल्या दमदार पावसात नाल्यात उतरते आणि अरुणावतीतून पैनगंगेला मिळते. 2017 मध्ये या फवारणीने माणसं दगावली तेव्हा देशभर गाजावाजा झाला. माशांच्या मरण्याची बातमी होत नसते.

औषध माशाला किती बाधतं हे पाहण्याची जुनी रीत सरळ आणि क्रूर आहे: टाकीत मासे सोडा, औषध घाला, 96 तासांत किती मेले ते मोजा. आता तिला पर्याय आहे: माशाऐवजी प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्याच्या पेशींवर चाचणी. पण तो मुळात विषाणूंच्या अभ्यासातून आला. 1962 मध्ये अमेरिकेत केन वुल्फ आणि क्विंबी यांनी ट्राउटच्या जननग्रंथींपासून आरटीजी-2 ही माशाची पहिली सेल लाइन, म्हणजे शरीराबाहेर पिढ्यानपिढ्या वाढत राहणाऱ्या पेशींचा वंश, उभी केली.

आपल्या रोहूची पाळी यायला तीन दशकं लागली. 1996 मध्ये डब्ल्यू. एस. लाक्रा आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातले रमेश भोंडे यांनी रोहूच्या शेपटीच्या परापासून पेशी वाढवल्याचं प्रसिद्ध केलं. असल्या कामात पर निर्जंतुक करून त्याचे मिलिमीटरभर तुकडे फ्लास्कच्या तळाला चिकटवतात, वर सीरम मिसळलेलं पोषकद्रव्य घालतात आणि 28 अंशांच्या आसपास ठेवतात. तुकड्यांच्या कडेने पेशी पसरू लागतात. तळ भरला की ट्रिप्सिन या विकराने सोडवून त्या नव्या फ्लास्कमध्ये वाटायच्या. पिढ्या चालत राहिल्या तरच ती लाइन. याच जोडीने सहकाऱ्यांसह 2006 मध्ये सोनेरी महसीरची लाइन दिली.

वंश सांगायचा तर पुरावाही हवा. 1983 पासून कार्पची म्हणून जगभर वापरात असलेली ईपीसी ही लाइन 2010 मध्ये डीएनए तपासल्यावर फॅटहेड मिनो या भलत्याच माशाची निघाली! तोवर तिच्यावर कितीतरी शोधनिबंध लिहून झाले होते. म्हणूनच गुणसूत्रं मोजणं (रोहूची 50) आणि डीएनए जुळवणं हे सोपस्कार नव्हेत, तोच या कामाचा कणा आहे.

2021 मध्ये ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने ट्राउटच्या कल्ल्याच्या पेशींवर विषचाचणीची पद्धत मान्य केली. त्यात जिवंत मासा मारावा लागत नाही. पण ती चाचणी 19 अंशांना होते, आणि पैनगंगेत ट्राउट नाही. रोहूच्या कल्ल्याची लाइन तमिळनाडूत मेलविशारमच्या साहुल हमीद यांच्या गटाने 2013 मध्येच तयार केली आहे. विदर्भात विकलं जाणारं प्रत्येक कीटकनाशक तिच्यावर तपासलं जावं. नागपूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयाने हे मनावर घ्यावं.