व्हाइट हाउसचा जीर्णोद्धार

‘घर पाहावें बांधून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. परंतु बांधलेलें घर पुन्हा बांधून पाहणें हें त्याहूनहि अवघड आहे. नव्या घराचा धनी आपल्या मनाचा राजा असतो. जुन्या घराच्या धन्यास मात्र पूर्वीच्या प्रत्येक रहिवाशाच्या चुकांचा हिशेब चुकता करावा लागतो. ह्या गोष्टीचें ठळक उदाहरण म्हणून अमेरिकेच्या अध्यक्षांचें वॉशिंग्टन येथील निवासस्थान जें व्हाइट हाउस, त्याच्या १९४८ ते १९५२ ह्या काळांतील जीर्णोद्धाराची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवतों.

जेम्स होबन ह्या शिल्पज्ञाच्या आराखड्याप्रमाणें ह्या इमारतीची कोनशिला १७९२ सालीं बसविण्यांत आली. १८१४ सालीं इंग्रज सैन्यानें ती जाळली, तेव्हां होबन ह्यांनींच ती पुन्हा उभी केली. पुढें १८३३ सालीं नळाचें पाणी आलें, १८४८ सालीं गॅसचे दिवे आले, १८९१ सालीं वीज आली. आणि ह्या सोयी घरांत शिरल्या त्या तुळयांस खांचा व भोंकें पाडीत. १९०२ सालीं थिओडोर रूझवेल्ट ह्यांच्या कारकीर्दींत अवघ्या कांहीं महिन्यांत घराचें रूप पालटण्यांत आलें. १९२७ सालीं कूलिज ह्यांच्या वेळीं पोलाद व काँक्रीट ह्यांचा भार घेऊन तिसरा मजला नव्यानें वर चढला. ह्यांपैकीं एकहि काम मूर्खपणाचें नव्हतें. ज्यास जें हवें होतें तें त्यानें केलें. परंतु ह्या सर्वांचें ओझें शेवटीं त्याच जुन्या अंतर्भागावर पडत आहे, हें पाहणारा कोणी नव्हता.

१९४८ सालीं अध्यक्ष ट्रूमन ह्यांच्या कन्येच्या पियानोचा पाय जमिनीच्या फळ्या मोडून खालीं गेला, तेव्हां सर्वांचे डोळे उघडले. तपासणीअंतीं घर राहण्यास धोक्याचें ठरलें आणि नोव्हेंबरांत अध्यक्षांचें कुटुंब समोरच्या ब्लेअर हाउसमध्यें राहावयास गेलें. दुरुस्तीचें पहिलें सूत्र येथें पाळलें गेलें : घर आधीं रिकामें करावें, मग त्यास हात लावावा.

आतां प्रश्न असा उभा राहिला कीं, ठेवावयाचें काय? सर्व पाडून नवें बांधणें हा मार्ग सोपा होता. ह्यासाठीं १९४९ सालीं सहा जणांचें एक मंडळ नेमण्यांत आलें. बाहेरच्या दगडी भिंती जशाच्या तशा राखाव्या, आंतील सर्व कांहीं काढून टाकावें आणि पोलादी सांगाडा नव्यानें उभा करावा, असा निर्णय झाला. लोकांच्या डोळ्यांपुढें जें घर होतें, तें ह्या भिंतींचें होतें. एकदां हा निर्णय झाल्यावर पुढील प्रत्येक कामाचा क्रम त्यानेंच ठरविला. प्रथम भिंतींच्या पायाखालीं खोल खणून काँक्रीटचा आधार देण्यांत आला; मग आंतून पोलादाचे टेकू देऊन भिंती सांवरल्या; त्यानंतर पोट रिकामें केलें. माती उपसणारें यंत्र आंत नेण्यासाठीं भिंतीस मोठें भगदाड पाडण्यास ट्रूमन राजी नव्हते; म्हणून तें यंत्र सुटें करून आंत नेलें व तेथें पुन्हा जोडलें. नव्या सांगाड्यास सुमारें ६६० टन पोलाद लागलें. काँग्रेसनें चोपन्न लक्ष डॉलर मंजूर केले होते. खर्च त्याहून अधिकच झाला. मध्येंच १९५० सालीं कोरियाचें युद्ध उद्भवल्यानें सामान मिळण्यास अडचण पडली. अखेर २७ मार्च १९५२ रोजीं ट्रूमन स्वगृहीं परतले.

येथपर्यंतची हकीकत स्तुतीचीच आहे. परंतु इतिहासकारास दुसरी बाजूहि पाहावी लागते. आंतील लाकूडकाम जपून उतरविलें होतें. तरी त्यांतील बराच भाग पुन्हा जागेवर बसला नाहीं. जुन्या विटा, दगड व खिळे ह्यांचे तुकडे आठवण म्हणून लोकांस विकण्यांत आले. पुष्कळसें सामान भरावांत गेलें. भार कोणी पेलावयाचा ह्याची योजना आरंभींच झाली होती. आठवणी कोणी पेलावयाच्या हा विचार मात्र शेवटीं आला, आणि शेवटीं वेळ व पैसा दोन्ही आंखडलेलीं असतात. १९६१ सालीं जॅकलीन केनेडी ह्यांनीं जुन्या सामानाचा शोध घेऊन खोल्यांस पुन्हा इतिहासाचें रूप देण्याचें काम हातीं घेतलें, त्याचें एक कारण ही उणीव होय, असें आम्हांस वाटतें.

तात्पर्य, घराच्या जीर्णोद्धारांत गवंडी बोलावण्यापूर्वीं दोन याद्या कराव्या : एक, काय मोडावयाचें त्याची, आणि दुसरी, काय राखावयाचें त्याची. पहिली यादी कोणीहि करतो. दुसरींत ट्रूमन ह्यांच्या मंडळानें बाहेरच्या भिंती ठळकपणें लिहिल्या, म्हणून त्या आजहि उभ्या आहेत. जें त्या यादींत ठळक नव्हतें, तें बहुतेक गेलें.