जिनातील धूळ आणि कायद्याचे चार महिने



जळगावच्या वैभवाचा इतिहास आपण कापसापासून सांगतो, आणि ते रास्तच आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि खानदेशच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात आगगाडी आली. ओसरीवर हाताने सरकी काढण्याचे काम पुढे वाफेच्या जिनाकडे गेले. या वैभवाबरोबर धूळही उठली. तिचा इतिहास मात्र कोणी सांगत नाही.

१८८१ साली हिंदुस्थानात पहिला फॅक्टरी कायदा झाला. ७ वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी झाली. ७ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ तासांची मर्यादा पडली. परंतु जेथे १०० माणसे नाहीत, किंवा जेथे वर्षातून ४ महिनेसुद्धा काम चालत नाही, तो या कायद्याने कारखानाच नव्हे! कापसाचा हंगाम तो केवढा? अनेक जिने अशी अलगद बाहेर राहिली. १८८४-८५ च्या मुंबई फॅक्टरी कमिशनपुढे खानदेशातील जिनांविषयी साक्ष झाली, ती अशी की, ऐन हंगामात तीच माणसे आठ-आठ दिवस रात्रंदिवस राबतात. हंगामी कारखाने कायद्यात यायला १९११ साल उजाडले. मुलांचे किमान वय १९२२ साली १२ झाले, आणि १९४८ च्या कायद्याने १४.

या साऱ्या काळात कायद्याने तास मोजले, माणसे मोजली, महिने मोजले. धूळ मोजायचे राहिले. वास्तविक रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने जवस व हेंप यांच्या तंतूंच्या धुळीने मजुरांना जडणारा खोकला १७०० सालीच लिहून ठेवला होता. कापसाच्या धुळीचेही तसेच. सुटीनंतर कामावर आले की छाती आवळते. वर्षानुवर्षे हे चालले की दम कायमचा वस्तीला येतो. १९४८ च्या कायद्याने हा धोका थोडासा ओळखला. प्रेसमध्ये रुई मोकळी करणारे यंत्र चालू असेल तेथे स्त्रिया व मुले यांना काम देऊ नये. द्यायचेच तर मध्ये छतापर्यंत भिंत घालून, कापूस घालण्याच्या बाजूलाच द्यावे, असे त्याने सांगितले.

पण मूल हजेरीपटावर नसेल तर? माझी आई जिनावर कामाला होती. मी मजूर नव्हतो. मी सरकीच्या ढिगावर झोपणारे पोर होतो. माझ्यासाठी कोणती भिंत होती? लहान मूल वजनाच्या मानाने मोठ्या माणसाहून अधिक हवा ओढते, आणि त्याची फुप्फुसे जन्मानंतर कित्येक वर्षे घडत असतात. तेव्हा त्याच धुळीचा घाव त्याला अधिक खोल लागतो.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. पुढे मी संघटनेत आलो, मागणीपत्रे लिहिली. त्यांत बोनस होता, महागाईभत्ता होता. धूळ नव्हती, मुले नव्हती. मालकाने जे मोजले नाही, ते आम्हीही मोजले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सांगितले की, जगातील १५ वर्षांखालील १०० मुलांपैकी ९३ मुले दूषित हवेत श्वास घेतात. एवढ्या मोठ्या आकड्याने आपण सुन्न होतो आणि घरी जातो. त्याऐवजी आपल्या गावच्या जिनाच्या, गिरणीच्या, खडीयंत्राच्या कुंपणापर्यंत चालत जावे. आत किती कामगार आहेत हे फलकावर सापडेल. कुंपणाला लागून किती पोरे खेळतात, ती मोजणी आपणच करायची आहे.