शर्यत, शर्त आणि घड्याळ

शर्यत हा शब्द मराठीत अरबीतून आला. मूळ शब्द शर्त. उर्दूत शर्तचे दोन अर्थ आजही चालतात, पैज आणि अट. मराठीने 'अटी-शर्ती'मध्ये एक अर्थ जपला, 'शर्यती'मध्ये दुसरा, आणि पुढे पळण्याच्या चढाओढीलाच शर्यत म्हटलं जाऊ लागलं. मी दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे हे नातं वर्गात सांगायची मला सवयच आहे. मात्र यंदा वालूरच्या एका नववीच्या पोराने असा प्रश्न विचारला, की या शब्दाकडे पुन्हा नीट बघावं लागलं.

आमची पोरं मोबाईलवर ड्रॅग रेस बघतात. सरळ रस्ता, शेजारी-शेजारी दोन गाड्या, मध्ये दिव्यांचा खांब आणि काही सेकंदांत खेळ खलास. पोराने विचारलं, "सर, जिने कमी वेळ घेतला ती गाडी हरली कशी?"

प्रश्न बरोबर होता. उत्तर द्यायचं तर घड्याळापासून सुरुवात करावी लागते.

शाळेच्या मैदानावर शंभर मीटरची शर्यत लावणाऱ्या प्रत्येक मास्तराला एक गोष्ट ठाऊक असते. शेवटच्या रेषेवर स्टॉपवॉच घेऊन उभं राहिलं की पिस्तुलाच्या आवाजावर बटण दाबायचं नाही, धूर बघून दाबायचं. आवाजाला शंभर मीटर यायला सेकंदाचा सुमारे तीन दशांश भाग लागतो, आणि तेवढ्यात निकाल फिरतो. शिवाय डोळ्याने पाहून बोट हलेपर्यंत आणखी थोडा वेळ जातो. म्हणून पहिल्या नंबरासाठी तीन घड्याळं लावतात आणि मधली वेळ धरतात. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये मिल्खासिंग चौथे आले. हातातल्या घड्याळांनी त्यांची वेळ ४५.६ सेकंद दिली, विजेच्या यंत्राने ४५.७३. एकच माणूस, एकच धाव. आणि आपल्या मराठवाड्याच्या, बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेचं २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतलं सुवर्ण किती फरकाने हुकलं? तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ०.०५ सेकंदाने. हा फरक कोणाच्याही अंगठ्याला पकडता आला नसता.

अंगठ्यावर विश्वास ठेवायचा तर तो अंगठा कोणाचा हा प्रश्न येतोच. आपल्याकडच्या शंकरपटात बैलजोडी पळते त्यापेक्षा जास्त वेळ कधीकधी घड्याळवाल्यावरची हुज्जत चालते. हा त्यांचा पाव्हणा, तो अमक्याच्या भावकीतला. म्हणून गावाबाहेरच्या, कोणाच्याच नात्यात नसलेल्या मास्तराच्या गळ्यात घड्याळ बांधलं जातं.

अमेरिकेतही वेगळं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथली पोरं जुन्या विमानतळांच्या धावपट्ट्यांवर गाड्या पळवू लागली. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली आणि या उद्योगाला नियम आले. अंतर पाव मैल, म्हणजे १३२० फूट, आपले साधारण ४०२ मीटर. पण सुटण्याचा इशारा माणूसच द्यायचा. दोन गाड्यांच्या समोर निशाण घेऊन उभा राहायचा. मुरलेले चालक निशाणाकडे बघतच नसत. त्याच्या खांद्याची, मनगटाची हालचाल ओळखून आधीच सुटत. मग भांडण. त्यात तो माणूस दोन गाड्यांच्या तोंडाशी उभा, त्याच्या जिवाचं काय?

१९६३ मध्ये इंडियानापोलिसच्या राष्ट्रीय स्पर्धेत निशाणवाल्याच्या जागी दिव्यांचा खांब आला. रंगीत दिव्यांमुळे लोक त्याला ख्रिसमस ट्री म्हणू लागले, तेच नाव राहिलं. सुरुवातीला त्यावर पाच पिवळे दिवे होते, पुढे तीन झाले.

आता त्याची रचना बघा. सुरुवातीच्या रेषेवर रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेला, जमिनीलगत प्रकाशाचे दोन किरण सोडलेले असतात, एकमेकांपासून सात इंचांवर. पुढच्या चाकाने पहिला किरण अडवला की खांबावरचा सगळ्यात वरचा दिवा लागतो, अर्थ असा की जवळ आलात. दुसरा अडवला की त्याखालचा लागतो, म्हणजे बरोबर रेषेवर आहात. दोन्ही गाड्या अशा उभ्या राहिल्या की पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने एकेक करून लागतात आणि मग हिरवा. मोठ्या व्यावसायिक वर्गात तिन्ही पिवळे एकदमच लागतात आणि ०.४ सेकंदाने हिरवा. हिरव्याची वाट बघत बसलेला माणूस तिथेच मागे पडतो. सुटायचं पिवळ्यावर, पण चाक किरणातून बाहेर पडायचं हिरव्यानंतर. आधी पडलं तर लाल दिवा, आणि शर्यत संपली.

खरी गंमत पुढे आहे. गाडीचं घड्याळ हिरव्या दिव्याने सुरू होतच नाही. चाकाने किरण सोडला की ते सुरू होतं आणि शेवटच्या रेषेवरचा किरण तुटला की थांबतं. हिरवा लागल्यापासून चाक हलेपर्यंतचा वेळ वेगळा मोजतात, तो चालकाचा. समजा डाव्या गाडीने ९.०२ सेकंद घेतले आणि तिचा चालक ०.०५ सेकंदात हलला. बेरीज ९.०७. उजवीने ८.९५ च घेतले, पण चालक ०.१५ सेकंदाने हलला. बेरीज ९.१०. गाडी उजवी वेगवान, जिंकली डावी. पोराला फळ्यावर ही बेरीज करून दाखवली तेव्हा त्याचं पुढचं वाक्य होतं, "म्हणजे सर, गाडी जिंकली पण माणूस हरला."

यंत्र आल्यावर हिकमती संपल्या असं समजू नका. चाक गोल असल्यामुळे किरणातून पूर्ण बाहेर पडायला गाडीला जवळपास फूटभर सरकावं लागतं, आणि तेवढं अंतर घड्याळात मोजलंच जात नाही. चालक दुसऱ्या किरणाला चाक जेमतेम टेकवून उभे राहतात, म्हणजे हे फुकटचं अंतर जास्त मिळतं. कोणी मुद्दाम पुढे सरकून उभा राहतो; त्याची गाडीची वेळ थोडी वाढते, पण हलण्याची वेळ कमी होते. दोन्ही नियमात बसतं.

आपल्या राज्यात लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' नावाने अशा शर्यती झाल्या आहेत. ज्यांना हौस आहे त्यांनी तिथे जावं. सेलूच्या रस्त्यावर रात्री बुलेट ताणणाऱ्यांना मी शर्यतवाले म्हणत नाही. ज्यात शर्तच ठरलेली नाही ती शर्यत कसली?

शंकरपटालाही मधल्या काळात अटींचीच लढाई लढावी लागली. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. काठी, चाबूक, विजेचा झटका बंद. आता काही ठिकाणी तिथेही किरणांवर चालणारी घड्याळं लागतात. जिथे एकेक जोडी सुटते तिथे बैलांनी किरण तोडला की वेळ सुरू, त्यामुळे हाकणाऱ्याचा उशीर कुठेच धरला जात नाही. बैलाला हिरवा दिवा कळत नाही, तेव्हा ते योग्यच आहे. दोन जोड्या शेजारी सोडल्या की मात्र निशाण कधी खाली आलं ही जुनी हुज्जत परत उभी राहते. शिवाय किरण किती उंचीवर लावायचा, पायाशी की छातीशी, हे बैल जुंपण्याआधी ठरवून घ्यावं लागतं.