रात्री धडधाकट, सकाळी पाय लुळे: थायरॉईडमुळे असं का होतं?

वर्धा जिल्ह्यातलं एखादं गाव डोळ्यांसमोर आणा. तिशीतला तरुण दिवसभर शेतात राबतो, रात्री लग्नाच्या पंगतीत पोटभर जेवून झोपतो. पहाटे उठायला जातो, तर पाय हलतच नाहीत. घरचे म्हणतात, 'अंगावरून वारं गेलं.' त्याला लकवा उतरवणाऱ्याकडे नेतात. संध्याकाळी तो चालायला लागतो आणि 'गुण आला' म्हणून सगळे निश्चिंत होतात.

हा प्रसंग काल्पनिक आहे, पण असा आजार खरा आहे. त्याचं नाव थायरोटॉक्सिक पिरिऑडिक पॅरालिसिस. यात काही तासांत, कधी एक-दोन दिवसांत ताकद आपोआप परत येते. मूळ आजार मात्र तसाच राहतो.

नेमकं काय बिघडतं?

गळ्यातली थायरॉईड ग्रंथी जास्त हार्मोन बनवू लागली की पेशींमधले सूक्ष्म पंप जोरात चालतात. रक्तातलं पोटॅशियम ते स्नायूंच्या पेशींमध्ये ओढून घेतात. रक्तात पोटॅशियम साधारण 3.5 ते 5 मिलीमोल प्रति लिटर असतं. ते अचानक खूप घटलं की स्नायू हुकूम पाळेनासे होतात.

भात, गोडधोड असं भरपेट जेवण झालं की इन्सुलिन वाढतं आणि या पंपांना आणखी जोर येतो. कष्टानंतरच्या विश्रांतीतही झटका येतो. म्हणूनच तो बऱ्याचदा रात्री किंवा पहाटे येतो.

कोणाला होतो?

थायरॉईड वाढण्याचा त्रास बायकांमध्ये जास्त दिसतो, पण हा झटका मुख्यतः 20 ते 40 वयाच्या पुरुषांना येतो. आशियाई लोकांमध्ये त्याचं प्रमाण जास्त आहे. वजन घटणं, छातीत धडधड, हात थरथरणं, जास्त घाम ही थायरॉईडची लक्षणं. काहींमध्ये ती जाणवतही नाहीत.

लकव्यापेक्षा वेगळं काय?

पक्षाघातात बहुतेकदा शरीराची एक बाजू जाते. इथे दोन्ही पाय, विशेषतः मांड्या, आधी लुळ्या पडतात. शुद्ध आणि स्पर्शाची जाणीव शाबूत असते. पण मण्यार चावल्यावरही रात्रीत लुळेपणा येऊ शकतो, त्यामुळे घरी अंदाज बांधत बसू नका.

धोका कुठे आहे?

पोटॅशियम फार घटलं तर हृदयाचे ठोके बिघडून जीवही जाऊ शकतो. 'ताकदीसाठी' ग्लुकोजची बाटली लावली तर इन्सुलिन वाढून पोटॅशियम आणखी उतरू शकतं. उलट, पोटॅशियम जास्त दिलं गेलं तर झटका ओसरताना ते रक्तात धोकादायक पातळीवर जातं. म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, बेतानं द्यावं लागतं.

काय करायचं?

108 ला फोन करा. रक्तातलं पोटॅशियम, ईसीजी आणि थायरॉईड या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेली रुग्णालयं आहेत.

थायरॉईड काबूत येईपर्यंत झटके टाळायला डॉक्टर प्रोप्रॅनोलॉलसारखं औषध देतात. गोळ्या, रेडिओआयोडीन किंवा शस्त्रक्रियेनं थायरॉईड ताळ्यावर आला की झटके थांबतात.

त्यामुळे पाय पुन्हा चालू लागले, तरी थायरॉईडची तपासणी चुकवू नका.