‘चौघीजणी’नंतरची मेग

शांता शेळके यांनी मराठीत आणलेली ‘चौघीजणी’ वाचत मोठी झालेली वाचक नागपुरात कुठल्याही मोहल्ल्यात भेटेल. शांताबाई या गावाला परक्या नाहीत. आचार्य अत्र्यांच्या ‘नवयुग’मधली नोकरी सुटल्यावर आणि मुंबईच्या महाविद्यालयांत रुजू होण्याआधी त्या इथल्या हिस्लॉप कॉलेजात मराठी शिकवत होत्या. त्यांच्या पुस्तकातली मेग आठवते ती चौघींतली थोरली, दिसायला गोड, हौशी, श्रीमंत मैत्रिणींच्या कपड्यांकडे पाहून थोडी हळहळणारी. जॉन ब्रुकशी तिचं लग्न होतं, जुळी मुलं होतात, आणि तिच्यापुरते आपण निश्चिंत होतो.

मूळ लेखिकेने, लुइसा मे अल्कॉटने, मेगला तिथे सोडलं नाही. १८७१ साली आलेल्या ‘लिटल मेन’मध्ये पुस्तक संपत आलेलं असताना जॉन ब्रुक अचानक मरतो आणि मेग मुलांची एकटी आई होऊन वाचकांपुढे उभी राहते. अलीकडे इंग्लंडमध्ये लेखिका जॅकलिन विल्सनने १९९१ च्या पुस्तकातल्या आपल्या लाडक्या ट्रेसी बीकरला २०१८ साली एकट्या आईच्या रूपात परत आणलं. अल्कॉटने तेच जवळजवळ दीडशे वर्षं आधी केलं होतं, आणि तिला तसं करायला लावणारं कारण कागदोपत्री सापडतं.

हे कागद म्हणजे अल्कॉटच्या रोजनिशा, पत्रं आणि जमाखर्चाच्या नोंदी. ते जपून वाचावे लागतात. एडना चेनी यांनी १८८९ मध्ये, लुइसाच्या मृत्यूच्या दुसऱ्याच वर्षी, त्यांतला निवडक भाग छापला. त्यात घरच्या माणसांची नावं पुष्कळदा आद्याक्षरांवर आणलेली आहेत. शिवाय लुइसाने स्वतःच उतारवयात जुन्या वह्या चाळून कडेला शेरे लिहिले होते आणि बरेच कागद नष्ट केले होते. रोजनिशांची सविस्तर आवृत्ती निघायला १९८९ उजाडलं. म्हणून या नोंदींना तारखांची जोड देऊनच पुढे जावं लागतं.

मेगच्या मागे उभी असलेली खरी बाई म्हणजे लुइसाची थोरली बहीण ॲना. जन्म १८३१ चा. तिला नाटकाचं वेड होतं, पण कानांनी दगा दिला. कॉन्कर्ड या त्यांच्या गावच्या हौशी नाटकमंडळींत तिची जॉन प्रॅटशी ओळख झाली. त्यांचं लग्न ठरलं तेव्हा लुइसाने रोजनिशीत लिहून ठेवलं की माझी बहीण नेणाऱ्या या माणसाला मी कधी क्षमा करणार नाही, आणि लगेच पुढे, त्याने तिला सुखात ठेवलं तर करीनही. २३ मे १८६० रोजी, आईवडिलांच्या लग्नाच्या तिसाव्या वाढदिवशी, लग्न झालं. १८६३ मध्ये फ्रेडरिक झाला, १८६५ मध्ये धाकटा जॉन. जावई बोस्टनला विमा कचेरीत नोकरीला. श्रीमंती नव्हती, पण घर नीट चाललं होतं.

१८६८ च्या उन्हाळ्यात लुइसाने ‘लिटल वीमेन’चा, म्हणजे ‘चौघीजणी’च्या मूळ पुस्तकाचा, पहिला भाग लिहिला. प्रकाशक थॉमस नाइल्सने तिला एकरकमी पैसे न घेता हक्क स्वतःकडे ठेवायचा सल्ला दिला आणि तिने तो ऐकला. पुढच्या सगळ्या हकिगतीचा पाया हा निर्णय आहे. एप्रिल १८६९ मध्ये दुसरा भाग आला, कर्जं फिटली, आणि एप्रिल १८७० मध्ये ती धाकटी बहीण मे हिला घेऊन युरोपला निघाली.

आता दोन तारखा शेजारी ठेवू. २७ नोव्हेंबर १८७० ला जॉन प्रॅट वारला. २९ नोव्हेंबरला लुइसाला ३८ वर्षं पूर्ण झाली, आणि त्या वेळी ती रोममध्ये होती. कॉन्कर्डमध्ये ॲना सात आणि पाच वर्षांच्या दोन मुलांना घेऊन बसलेली, आणि समुद्रापलीकडे बहिणीचा वाढदिवस.

१८७१ च्या रोमच्या नोंदीत पुढचं सगळं आहे. लुइसा लिहिते की जॉन गेल्यामुळे ॲना आणि मुलं अडचणीत पडू नयेत म्हणून ‘लिटल मेन’ लिहायला घेतलं आहे. त्याच नोंदीत ती म्हणते की त्या पोरांचा बाप आता मलाच व्हायचं आहे, आणि त्यांचा विचार करत लिहिताना दुःख थोडं हलकं झालं. आईची माया मावशीत शोधणं आपल्याला नवं नाही. इथे मावशी बापाची जागा मागते आहे, आणि या जागेचा अर्थ तिच्या मनात स्वच्छ आहे: मिळवून आणणं. पुस्तक सुरू करण्याचं कारण म्हणून ती कल्पनेचं किंवा प्रेरणेचं नाव घेत नाही, बहिणीच्या घरखर्चाचं घेते. या कबुलीने ‘लिटल मेन’ची किंमत माझ्या नजरेत वाढली.

आता कादंबरीतलं ते प्रकरण वाचू. जॉनच्या मृत्यूची बातमी मेगची बहीण ज्यो चालवते त्या प्लमफील्डच्या शाळेत येते तेव्हा नुसतं रडणं नाही. जॉनने गाजावाजा न करता काय काय केलं, कुणाचं देणं कसं मागे ठेवलं नाही, बायकोमुलांसाठी कशी तजवीज करून ठेवली, हे मुलांना सांगितलं जातं. मेगचा दहा वर्षांचा मुलगा डेमी हे ऐकतो आणि त्यानंतर मला डेमी म्हणू नका, मी जॉन ब्रुक आहे, असं सांगतो. घरातला कर्ता पुरुष गेल्यावर थोरल्या मुलाचं पोरपण एका दिवसात कसं संपतं, हे आपल्याकडच्या अनेक घरांनी पाहिलं आहे. अल्कॉटने ते एका छोट्याशा मागणीत पकडलं.

आणि मेग? तिचं दुसरं लग्न लावलेलं नाही, तिला कोपऱ्यातही बसवलेलं नाही. १८८६ च्या ‘जोज बॉईज’मध्ये ती मुलांसह स्वतःच्या घरात राहते, धाकटी लेक जोसी हिच्या नटी होण्याच्या हट्टाशी झगडते आणि शेवटी प्लमफील्डच्या नाट्यप्रयोगात स्वतः रंगमंचावर उभी राहते, खेड्यातल्या एका आईच्या भूमिकेत. कानांमुळे ॲनाचं जे राहून गेलं ते बहिणीने कागदावर तिला परत दिलं, असं मी मानते. हा माझा तर्क आहे. ॲनाचं नाटकवेड आणि तिचं ऐकू न येणं या दोन गोष्टी मात्र नोंदलेल्या आहेत.

याच वर्षांत महाराष्ट्रात काय चाललं होतं? ‘लिटल वीमेन’चा दुसरा भाग निघाल्यावर दोनच महिन्यांनी, १५ जून १८६९ ला, विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकाराने मुंबईत वेणूबाई आणि पांडुरंग विनायक करमरकर यांचा पुनर्विवाह झाला आणि त्यावरून रान पेटलं. १८७० मध्ये पुण्यात शास्त्रार्थ झाला आणि सुधारक हरले. आपल्या कादंबरीची सुरुवातच १८५७ च्या ‘यमुनापर्यटन’ने, म्हणजे विधवांच्या दुःखाच्या वर्णनाने झाली होती. तिथपासून हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’पर्यंत मराठी कथेतली विधवा सोसते आणि वाचकाला हलवून सोडते. ते लिहिणं फार गरजेचं होतं. मुलं सांभाळणारी, घर चालवणारी, हसणारी विधवा मुलांच्या पुस्तकात येणं मात्र तेव्हा इथे कल्पनेबाहेरचं होतं. मला यात एक गोष्ट सारखी जाणवते. मेगला मराठी बोलायला लावणाऱ्या शांताबाईंचे वडील त्यांच्या लहानपणीच गेले होते आणि आईच्या हाताखाली त्या वाढल्या होत्या.

जून १८७१ मध्ये लुइसा बोस्टनला उतरली. वडील आणि नाइल्स घ्यायला आले होते, आणि गाडीच्या आत ‘लिटल मेन’ची भली मोठी लाल जाहिरात टाचलेली होती. पुस्तक बाजारात येण्याआधीच ५०,००० प्रती खपल्याचं तिने नोंदवलं आहे. रोममध्ये धरलेला हेतू सहा महिन्यांत पुरा झाला.

१८७७ ची एक नोंद मला सगळ्यांत बोलकी वाटते. त्या वर्षी कॉन्कर्डमधलं थोरो कुटुंबाचं घर ॲनासाठी घेतलं गेलं. किंमत ४,५०० डॉलर. थोडे पैसे ॲनाचे, बाकीचे लुइसाने घातले. ॲनाची इच्छा पुरी झाली, माझी कधी होणार, असं लुइसा तिथे लिहिते. बहिणींना आपल्या बुद्धीच्या जोरावर मदत करता येते यातच समाधान मानावं, हेही ती स्वतःला बजावते, आणि युरोपात जाऊन विसावा घ्यावासा वाटतो हेही लपवत नाही. लुइसाने स्वतःवरून घेतलेली पुस्तकांतली ज्यो इतकी थकलेली कुठे दिसत नाही.

पुढे विसाव्याऐवजी आणखी एक मूल पदरात आलं. मे पॅरिसजवळ बाळंत झाली आणि काही आठवड्यांतच, डिसेंबर १८७९ मध्ये, वारली. तिची मुलगी लूलू १८८० मध्ये लुइसाकडे आली. लग्न न केलेली मावशी आणि विधवा मावशी अशा दोघींनी मिळून तीन मुलं वाढवली. वडिलांना १८८२ मध्ये पक्षाघात झाला, त्यांचंही याच दोघींनी केलं.

शेवटचा महत्त्वाचा कागद दत्तकविधानाचा, १८८७ चा. अमेरिकेत तेव्हा पुस्तकाचा हक्क २८ वर्षांचा असे आणि मुदतवाढ मागायचा अधिकार लेखक, त्याची विधवा किंवा त्याची मुलं यांनाच होता. बहीण किंवा भाचे यांना तो मागता येत नव्हता. १८६८ च्या पुस्तकाची मुदत १८९६ मध्ये संपणार होती आणि लुइसाची तब्येत ढासळत चालली होती. म्हणून तिने ॲनाचा धाकटा मुलगा जॉन, तेव्हा बावीस वर्षांचा, कायद्याने आपला मुलगा करून घेतला. त्याने अल्कॉट आडनाव लावलं. त्याच वर्षीच्या मृत्युपत्राने हक्क त्याच्याकडे गेले, या अटीवर की उत्पन्न त्याने ॲना, फ्रेडरिक आणि लूलू यांच्याबरोबर वाटून घ्यावं.