जनऔषधी केंद्र: दर महिन्याच्या औषधांचा खर्च कमी कसा कराल?

मधुमेह, रक्तदाब यांच्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात. आयुष्मान कार्डावर रुग्णालयात दाखल झाल्यावरचे उपचार आणि घरी सोडल्यानंतर १५ दिवसांपर्यंतची औषधे मिळतात. दर महिन्याच्या गोळ्या त्यात येत नाहीत. अशा गोळ्यांसाठी प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी परियोजनेच्या केंद्रात जा. येथील जेनेरिक औषधे ब्रँडेड औषधांपेक्षा साधारण ५० ते ८० टक्के स्वस्त असतात.

लाभ कोणाला?
सर्वांना. उत्पन्नाची अट नाही. नोंदणी किंवा रेशनकार्ड लागत नाही. देशातील कोणत्याही केंद्रातून औषध घेता येते.

औषध कसे घ्यावे?
१. चिठ्ठीवर औषधाचे जेनेरिक नाव लिहून देण्याची डॉक्टरांना विनंती करा.
२. ‘जनऔषधी सुगम’ ॲपवर जवळचे केंद्र आणि औषधाची किंमत पाहा.
३. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत न्या.
४. पाकिटावरील औषधाचे नाव व मिलिग्रॅम चिठ्ठीशी जुळवून पाहा. बिल घ्या.

लक्षात ठेवा
केंद्रात औषध शिल्लक नसले, तरी गोळ्या मध्येच बंद करू नका. जवळच्या सरकारी रुग्णालयात मोफत औषधांची चौकशी करा. गोळी बदलायची असल्यास आधी डॉक्टरांना विचारा.